स्टुलावर ऐकलेलं

“समजलं?” कानडे सरांनी विचारलं.

“समजलं,” मी म्हणाले.

“मग सांगा बघू काय समजलं ते.”

मी हाताची खळ पदराला पुसली. “कल्पवल्ली मंडळीकडं तारण काही नाही. धंद्यातला नफाही नाही. नव्या ठेवींतून जुन्या ठेवींचं व्याज भागवतात. असं किती दिवस चालेल, त्याचा भरवसा नाही.”

सरांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. एरवी मी असं सांगितलं की ते खूश व्हायचे. त्या मंगळवारी मात्र खिडकीकडे बघत राहिले. खिडकीत कल्पवल्लीच्या जाहिरातीचा ठोकळा पडला होता. आमच्या साप्ताहिकाचं शेवटचं पान दर आठवड्याला त्या जाहिरातीनं भरायचं. वेल, वेलीला पानांऐवजी नाणी, आणि खाली हात पसरून उभी असलेली बाई. सरांनी तो ठोकळा सकाळीच पानातून काढायला लावला होता.

“शनिवारपर्यंत,” सर म्हणाले.

“माहीत आहे, सर,” मी म्हणाले, आणि स्टुलावरून उठले.

‘देवघेव’ साप्ताहिकाला आता पन्नास वर्षं होतील. सरांच्या सूनबाई ते चालवतात. आता ते फोनवरही दिसतं म्हणे. त्यांनी जुन्या माणसांकडून इतिहास मागवला आहे. खप कसा वाढला, कोणकोणत्या मंत्र्यांनी कौतुक केलं, कोणती पारितोषिकं मिळाली, ते बाकीचे लिहितील. मला एकच आठवडा लिहायचा आहे.

सोलापुरात साखर पेठेतल्या एका गाळ्यात आमचा छापखाना होता. पुढच्या खोलीत कानडे सर, मागच्या खोलीत उस्मानचाचा आणि छपाईचं मशीन. सर पूर्वी कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी हे पत्र काढलं. त्यात सुताचे भाव, तुरीचे भाव, बँकांच्या, गिरण्यांच्या, शेअरच्या बातम्या असायच्या. उस्मानचाचा खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. माझे यजमान वारल्यावर मी तिथं लागले. छापलेल्या अंकांच्या घड्या घालायच्या, पत्त्याच्या पट्ट्या डकवायच्या आणि गठ्ठे पोस्टात द्यायचे, हे माझं काम. पट्टीवर कुणाचं नाव आहे ते मला वाचता येत नसे. पट्टी सुलट आहे की उलट, तेवढं चाचांनी एकदा दाखवून दिलं होतं.

स्टुलाचं कसं सुरू झालं तेही सांगते. सरांना लिहिलेलं मोठ्यानं वाचायची सवय. एकदा ते चलनवाढीवरचा लेख वाचत होते आणि मी घड्या घालता घालता हसले. का हसलात, म्हणाले. मी म्हटलं, “वाढला म्हणताय पैसा. माझ्या पदरातला तर आटलाय, सर.” त्यांनी तो लेख फाडला आणि पुन्हा लिहिला. तेव्हापासून दर मंगळवारी मुख्य लेख आधी मला वाचून दाखवायचा. मी स्टुलावर बसायचं. मला अडलं तिथं सर खूण करायचे आणि मगच लेख चाचांकडे जायचा.

त्याला एक अट होती. स्टुलावर ऐकलेलं शनिवारी अंक पोस्टात पडेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. आणि त्या बातमीवरून आपण स्वतः काही घ्यायचं नाही, विकायचं नाही, ठेवायचं नाही, काढायचं नाही. सर, चाचा आणि मी, तिघांनाही ती अट. मला ती कधी जड गेली नव्हती. घ्यायला-विकायला माझ्याकडे होतं काय?

त्या मंगळवारी संध्याकाळी माझी धाकटी बहीण चन्नव्वा घरी आली. ती विड्या वळायची. तोंडात पान, कमरेला किल्ल्या आणि आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या बाईनं तिथूनच उत्तर द्यावं.

“आक्का, साखर घाल गं चहात जास्त. आनंदाची बातमी हाय.”

“कुणाची?”

“आमची! दुसऱ्या कुणाची?” ती उंबऱ्यावरच बसली. “ह्यांच्या गिरणीचा हिशोब झाला. सगळे पैसे हातात आले बघ. परवा गुरुपुष्य हाय. परवाच कल्पवल्लीत ठेवायचे म्हणतायत. वर स्टीलचा डबा देतात झाकणासकट.”

मी चहाचं भांडं खाली उतरवलं.

सिद्राम, तिचा नवरा, एका बंद पडलेल्या गिरणीत होता. त्या पैशांपलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. घर भाड्याचं आणि दोन पोरी शाळेत.

“गप का झालीस?” चन्नव्वा म्हणाली. “चांगली हाय का मंडळी? तू पैशाच्या पेपरात काम करतीस, तुला ठावं असंल.”

“मी घड्या घालते, चन्नव्वा. मला काय कळतंय?”

“इतकी वर्षं घड्या घालून एवढंबी कळंना? मग घड्या पेपराच्या घाल नाहीतर लुगड्याच्या, सारखंच की!”

“घाई कशाला करायची? बघू सावकाश.”

“सावकाश म्हणं! गुरुपुष्य काय तुझ्यासाठी थांबणार हाय?” ती चहा पिऊन निघून गेली. जाताना म्हणाली, “जळू नको गं. डबा तुला देईन.”

बुधवारी मी सकाळीच छापखान्यात गेले. चाचा स्टँडसमोर उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल. तो कल्पवल्लीचाच लेख ते जुळवत होते. खणातून खिळा उचलला की जुळणीच्या पट्टीत ठेवताना बारीक आवाज व्हायचा. तो आवाज मला आवडायचा. त्या दिवशी आवडला नाही.

मी सरांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “एकटीला सांगू द्या, सर. माझ्या पाठची आहे.”

सरांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

“नीलव्वा, आपला अंक सगळ्यात शेवटी कुणाला मिळतो?”

“करमाळ्याकडच्या त्या मास्तरांना. एसटीनं जातो, मग सायकलवर.”

“त्या मास्तरांचेही पैसे असतील मंडळीत. तुम्ही चन्नव्वाला सांगितलं, तिनं शेजारणीला, शेजारणीनं भावाला. उद्या दुपारी दारात रांग लागेल. पुढच्यांना पैसे मिळतील, तिजोरी रिकामी होईल. मास्तर अंक वाचून सोमवारी येतील आणि बंद दार बघतील. त्यांनी आपली वर्गणी भरली ती कशासाठी?”

“पण सर, ती पैसे काढत नाहीये. घालतेय. ती थांबली तर मास्तरांचं काय बिघडतं?”

मागच्या खोलीतला खिळ्यांचा आवाज थांबला.

“तिच्या थांबण्यानं काही बिघडत नाही,” सर हळूच म्हणाले. “ती का थांबली, हे ती चार जणींना सांगेल, त्यानं बिघडतं. तुम्हीच म्हणता ना, चन्नव्वाच्या पोटात काही राहत नाही?”

ते खरं होतं. मी घड्यांच्या टेबलाकडे गेले. पट्ट्या ओढल्या, खळीत हात घातला आणि तशीच उभी राहिले. मग परत आले.

“सर, काल मला लेखातलं सगळं समजलं.”

“हो. तुम्ही सांगितलंत की.”

“मग तेच चुकलं. एकही शब्द अडला नाही. पहिल्या दिवसांत मला तारण माहीत नव्हतं, ठेवीदार माहीत नव्हता. आता मी तुमच्यासारखीच बोलते. माझा कान शिकला, सर. हा लेख ज्यांच्यासाठी आहे त्यांचा कान शिकलेला नाही. तुम्हाला नवा कान पाहिजे.”

सरांनी चष्मा वर केला. “आणि हा नवा कान कुणाचा?”

“विड्यांचा माल देऊन ती दुपारी याच रस्त्यानं जाते.”

आतून चाचा म्हणाले, “सरजी, बात तो बराबर हाय.”

“उस्मानभाई, तुम्ही खिळे जुळवा.”

“जुळवतोय की. लेकिन ‘अदा करण्यात येते’ असं लिवलंय तुम्ही. आमच्या गल्लीत कुणी अदा करत नाही. देतात.”

सर टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवत राहिले. मग म्हणाले, “स्टुलावर जो बसेल त्याला अट लागू.”

“लागू,” मी म्हणाले.

दुपारी चन्नव्वा आली. रिकामं सूप काखेत आणि तंबाखूचा वास. स्टुलाकडे बघून म्हणाली, “एवढ्यावर बसायचं? मोडलं तर म्हणू नका.”

सर उभे राहिले. “बाई, एक गोष्ट आधी सांगतो. इथं ऐकलेलं शनिवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही. जमेल?”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

“नवऱ्यालाबी नाही?”

“नवऱ्यालाही नाही.”

“मग जमंल की,” चन्नव्वा म्हणाली आणि बसली.

सरांनी वाचायला सुरुवात केली. कल्पवल्लीचं नाव आलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. मी पट्ट्यांकडे बघत राहिले. तिनं पान चघळायचं थांबवलं. पुढे ते वाक्य आलं. नव्या ठेवीदारांच्या रकमेतून जुन्या ठेवीदारांचे व्याज अदा करण्यात येते.

“थांबा,” ती म्हणाली. “हे पुन्हा वाचा.”

सरांनी पुन्हा वाचलं.

“म्हणजे मी पैसे ठेवले, तर ते माझ्या आधी आलेल्या बाईला व्याज म्हणून जाणार?”

“हो.”

“आणि मला कुणाचे मिळणार?”

“तुमच्या मागून येणाऱ्या बाईचे.”

“आणि तिला?”

“तिच्या मागून येणाऱ्या बाईचे.”

चन्नव्वानं सूप मांडीवर घेतलं आणि त्याची कड बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, “आणि मागनं कोण आलंच नाही तर?”

सरांनी पेन उचललं. लेखाचं वरचं नाव खोडलं, आणि तिथं काहीतरी लिहून कागद आत चाचांकडे दिला. चाचांनी मोठ्यानं वाचलं, “मागून कोणी आलेच नाही तर?” मग म्हणाले, “इसको मोठा टाइप लागंल.”

चन्नव्वा सूप काखेत मारून निघाली. दारातून मात्र परत आली, माझा हात धरून दाबला आणि गेली.

गुरुवारी सिद्राम तावातावानं माझ्या घरी आला.

“आक्का, तुमच्या बहिणीच्या अंगात आलं!”

“काय आलं?”

“देवी! मी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी काखेत मारून निघतोय, तर ही चुलीपुढं घुमाया लागली. केस मोकळे सोडून! आमच्या सगळ्या घराण्यात असलं कधी झालं नव्हतं.”

“बोलली का काही?”

“बोलली तर! शनिवार उलटल्याशिवाय पैसा उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही म्हणाली. नेला तर बघून घेईन म्हणाली. देवी असं बोलती का हो कधी, बघून घेईन?”

“रागावली असेल,” मी म्हणाले.

“मी नारळ आणाया गेलो, तर मागनं म्हणती, येताना तंबाखू आण.” तो कपाळावर हात मारून खाली बसला. “एजंट माझा दोस्त हाय. त्याला काय सांगू? डबा बाजूला काढून ठेवलाय त्यानं माझ्यासाठी.”

“देवीचं आहे, सिद्राम. शनिवार काय लांब आहे?”

तो नाराज होऊन गेला. चन्नव्वानं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. घुमल्यामुळे घसा बसलाय, असं खुणेनं सांगत होती. गल्लीतल्या बायका तिला दुरून हात जोडायला लागल्या होत्या.

शनिवारी गठ्ठे पोस्टात आणि एसटीवर गेले. करमाळ्याचा गठ्ठा मी स्वतः कंडक्टरच्या हातात दिला. संध्याकाळी मुद्दाम एक अंक घेऊन चन्नव्वाकडे गेले. सिद्राम दारातच बसून लेख वाचत होता. त्यानं आधीच विकत आणला होता. वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला. संपल्यावर तो पिशवीकडे बघत राहिला. मग बायकोला समजावून सांगायला लागला.

“हे बघ, वर काय लिवलंय. मागून कोणी आलेच नाही तर? आता हा सवाल आपल्याला सुचला असता का? शिकलेली माणसं ती शिकलेली.”

“असतात बाबा एकेक,” चन्नव्वा म्हणाली, आणि विडीला दोरा गुंडाळत राहिली.

सोमवारी मला नव्या पेठेतून कागदवाल्याकडे जायचं होतं. कल्पवल्लीच्या दारापासून कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत रांग लागली होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. माणसं पासबुकं हातात धरून उभी होती आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत होती. सायकल धरून उभे असलेले, धोतराला धूळ लागलेले एक गृहस्थही होते. ते करमाळ्याचे मास्तर होते की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण मला ते तेच वाटले.

त्यांच्या मागे चार-पाच माणसं सोडून पांढरी टोपी दिसली. कानामागं पेन्सिल.

मी जवळ गेले. “चाचा?”

चाचांनी पासबुक रुमालात गुंडाळून धरलं होतं. मला बघून ते थोडे लाजल्यासारखे हसले. “मेहरूच्या शादीचे हायत. मामूली.”

“तुमचे पैसे होते इथं?”

“होते.”

“तुम्ही बुधवारी सगळा लेख जुळवलात. एकेक अक्षर.”

“हां.”

“मग गुरुवारी यायचं होतं! शुक्रवारी यायचं होतं! तेव्हा कोण होतं इथं? दार उघडं होतं, तिजोरी भरलेली होती.”

चाचांनी पुढच्या माणसाबरोबर एक पाऊल पुढे टाकलं. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “बुधवारी मी कंपोझिटर होतो, नीलव्वा. वाचक शनिवारी झालो.”

मी म्हणाले, “मी मात्र चन्नव्वाला आणलं.”

“तू तिला खोलीत आणलं. खोलीच्या बाहर काय गेलं नाही. वो अलग बात हाय.” ते पुन्हा हसले. “पोरीनं देवी आणली, पर तोंड नाही उघडलं. मानलं आपण.”

मी तिथंच थांबले. मास्तर आत गेले आणि बाहेर आले. हातात नोटा होत्या, किती ते मी पाहिलं नाही. त्यांच्या मागचे आणखी दोघं आत गेले. मग आतून कुणीतरी शटर ओढलं. रांगेतून एकच मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज आला. चाचांनी रुमालाची गाठ पक्की केली, पासबुक सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चल. मजकूर सोडायचा हाय.”

अंक छापून झाला की जुळवलेला मजकूर सोडायचा असतो. म्हणजे एकेक खिळा उचलून परत आपल्या खणात टाकायचा, नाहीतर पुढच्या अंकाला अक्षरं कुठून येणार? आम्ही पोचलो तेव्हा कानडे सर मागच्या खोलीत उभे होते.

“उस्मानभाई, आज उशीर?”

“रांग होती, सरजी.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिशाकडे पाहिलं. खिशातून रुमालाचं टोक वर आलं होतं. सर पुढच्या खोलीत गेले. मला वाटलं ते टेबलाशी जाऊन बसतील. पण ते स्टूल उचलून घेऊन आले. त्यांनी ते चाचांच्या स्टँडशेजारी ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि बसले. इतक्या वर्षांत त्यांनी खिळ्यांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. ते एकेक खिळा डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि खण शोधायचे. चाचा न बघता टाकायचे.

मेहरूचं लग्न त्या वर्षी झालं नाही. पुढच्या वर्षी झालं, साधंच. सरांनी आणि मी पंगतीत वाढलं. चन्नव्वानं कुणी न विचारता स्टीलचा डबा आणला होता. झाकणासकट, दुकानातून विकत घेतलेला.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मी त्या दोघांकडे बघत बराच वेळ उभी होते. मग म्हणाले, “चाचा, मंडळीचं नाव यात कुठं आहे?”

त्यांनी मोठ्या टाइपाच्या ओळीखालून काही खिळे वेगळे काढले आणि माझ्या तळहातावर ओळीनं ठेवले. गार आणि जड होते. शाई अजून बोटांना लागत होती.

“क-ल्प-व-ल्ली,” ते म्हणाले. “उलटं दिसतं. कागदावर सुलट होतं.”

“यातला पहिला कुठं टाकायचा?”

“वाच की.”

“मला कुठं येतंय?”

“मग शीक. ये. हा ‘क’. कागदाचा क, कामाचा क.” त्यांनी माझं बोट धरून खणावर नेलं. “हे त्याचं घर.”

मी तो खिळा खणात टाकला. आत आणखी पुष्कळ तसलेच होते. त्यांच्यात तो मिसळून गेला आणि मग कल्पवल्लीचा कोणता ते ओळखू येईना. दुसरा खिळा मी उचलला आणि स्वतःच विचारलं, “आता हा कोण?”